आप्पांचं ग्राफिक्स कार्ड

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं ट्रक चालवत होते. कोल्हापुरातून यंत्रांचे सुटे भाग भरायचे आणि बोम्मसंद्राच्या कारखान्यांत आणून उतरवायचे. आई गेल्यावर मी त्यांना बेळ्ळंदूरला माझ्या फ्लॅटवर आणलं. अकराव्या मजल्यावर माणूस करणार काय? बाल्कनीत बसून खालच्या गाड्यांना शिव्या घालायचे. मी ऑफिसातून यायचो, जेवायचो, मोबाइल घेऊन खोलीत जायचो.

मग मी जुन्या कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा एक गेम टाकला आणि प्लास्टिकचं स्टिअरिंग जोडून दिलं. म्हातारा काय खूश! स्टिअरिंगला नमस्कार केल्याशिवाय गाडी सुरू करायचे नाहीत आणि प्रत्येक वळणावर हॉर्न द्यायचे. महिनाभरानं म्हणाले, "लेका, समोरचं धुरकट दिसतंय की रं. पाटी वाचता येईना."

मला वाटलं, दिसणारच. कॉम्प्युटरमध्ये धड ग्राफिक्स कार्ड नाही, तर चित्र स्वच्छ येणार कुठून? म्हटलं, "थांबा आप्पा, चांगलं कार्ड घेऊ." इथून माझी हुशारी सुरू झाली.

बजेट पंचवीस हजार. आठ जीबी घ्यावं की बारा? नवं की कुणीतरी रगडून वापरलेलं सेकंडहँड? जुन्या पॉवर सप्लायला झेपेल का? रोज संध्याकाळी आप्पांशेजारी बसून मी व्हिडिओ लावायचो. एकच रस्ता, दोन कार्डांवर. "डावीकडचं बरं की उजवीकडचं?" ते म्हणायचे, "तू म्हणशील ते." कानडी दुकानदार म्हणाला, "स्वल्प वेट माडी सर, थोडं थांबा, रेट उतरेल." मी थांबलो. दसऱ्याचा सेल गेला, दिवाळीचा गेला, मग नवं मॉडेल येणार म्हणून आणखी थांबलो. पाच महिने! या काळात आप्पा दोनदा दाराच्या चौकटीला धडकले, एकदा चहा कपाबाहेर ओतला. आणि मी शहाणा काय म्हणालो? "लक्ष कुठाय तुमचं?"

शेवटी कार्ड आलं. झाडाचं पान न् पान दिसायला लागलं. "कसं वाटतंय आप्पा?" त्यांनी पडद्याला नाक टेकेपर्यंत मान पुढं नेली. "झ्याक हाय," म्हणाले, आणि ट्रक सरळ एका भल्यामोठ्या पाटीवर घातला.

"अहो, पाटी!"

"कुठली पाटी?"

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना डोळे तपासायला नेलं.

बनशंकरीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, शुगरमुळे डोळ्यांच्या पडद्यात रक्त उतरलंय. चार-पाच महिने आधी आणलं असतं तर बरीचशी नजर वाचली असती. आता गेली ती परत यायची नाही. मला तिथंच स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. आप्पांना शुगर आहे हे मला ठाऊक होतं. वीस कार्डांची तुलना करणारा तक्ता मी बनवला होता, पण त्यांचे डोळे एकदाही तपासून आणले नव्हते.

परतताना रिक्षात मी त्यांच्यावरच उखडलो. "बाल्कनीतून बघतानाही धुरकट दिसत असेल की! कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी माझा गुडघा चाचपून त्यावर हात ठेवला. "तू रोज सांजचं माझ्याजवळ बसाय लागला हुतास. कार्डं दाखवत. म्हटलं, डोळ्याचं निघालं तर ते बंद हुईल."

मला रिक्षात रडू फुटलं. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि रेडिओ बारीक केला.

आता मी रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी क्लीनर होऊन बसतो. "डावं वळण आलं, आप्पा," म्हणतो, आणि ते हॉर्न देतात.