अंबाबाईंचे बत्तीस दात

कुंभकोणमच्या संगीत सभेचे चिटणीस वैद्यनाथन जे बोलायचे ते तोंडावर बोलायचे, एवढाच त्यांचा मोठेपणा. त्या दिवशी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सेतुरामला ते तमिळमध्ये म्हणाले, "तुझ्या आत्याची तबकडी उत्सवात लावायची नाही. शब्दच स्पष्ट उमटत नाहीत. बाई तेव्हाही बोळकीच होती काय?"

अंबाबाई आत्या तिथेच बसली होती. वय सदुसष्ट, तोंडात औषधाला दात नाही. पण चौतीस साली मद्रासला जाऊन तिने 'सांज सरे, सखा न ये' हे मराठी पद गायले, तेव्हा बत्तीसच्या बत्तीस शाबूत होते. जन्मात तिची एवढी एकच तबकडी निघाली.

"अस्के होते मजला," ती घरच्या मराठीत पुटपुटली. तंजावरकडे 'अस्के' म्हणजे सगळे. पण त्यातला 'स' हिरड्यांतून नुसता फुसकन निसटला. तिचे डोळे भरून आले आणि सेतुरामचे डोके फिरले.

"दोष तबकडीचा नाही, तुमच्या पेटीचा आहे!"

पेटी म्हणजे सुईचा बारीक आवाज वाढवून पुढे देणारे सभेचे व्हॉल्व्हचे यंत्र, लढाईच्या आधीचे. नाचता येईना अंगण वाकडे, असे कोणीतरी म्हणणारच. इथे अंगण खरोखरच वाकडे होते.

"उघडलीस आणि बिघडली तर?"

"तर माझ्या दुकानाला तुमच्या हाताने कुलूप घाला."

त्याने पेटी घरी आणली. सुकलेले कंडेन्सर उपटून नवे बसवले, सैल सांध्यांना डाग दिले. पेटीची गुणगुण थांबली, पण 'स' काही येईना. सांज 'आंज'च राहिली. चार दिवस तो त्या तारांशी भांडला. पाचव्या दिवशी त्याने न दिलेल्या एका डागाचे कथील नव्यासारखे चकचकीत दिसले आणि त्याने कपाळावर हात मारला. गेल्या वर्षी मद्रासच्या मेकॅनिकने पेटी नव्या, लांब चालणाऱ्या तबकड्यांसाठी बदलली होती! त्या तबकड्यांत 'स'सारखे तीक्ष्ण आवाज मुद्दाम फुगवून भरतात, आणि पेटी ते दाबून सारखे करते. जुन्या तबकडीत फुगवलेले काहीच नसते. म्हणजे वर्षभर ही पेटी आत्याचा खराखुरा 'स' दाबून मारत होती.

सेतुरामने लहान कंडेन्सरची दुसरी वाट जोडली आणि मध्ये एक खटका बसवला. इकडे नवी तबकडी, तिकडे जुनी. आत्याला मात्र काही ऐकवले नाही. ऐकेल तर सभेतच ऐकेल, असा त्याचा हट्ट.

उत्सवाच्या रविवारी सकाळी सभागृह भरले. वैद्यनाथन पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. सेतुरामने खटका तिकडे ओढला.

सांज सरे, सखा न ये. प्रत्येक 'स' धारदार, भातात खडा लागावा तसा स्पष्ट. मराठीचे अक्षर न कळणारेही पुढे सरकून बसले. आत्या पदरात तोंड लपवून ऐकत होती.

पद संपले. ती उठली, पदर बाजूला केला, थेट वैद्यनाथनपुढे जाऊन आपले बोळके तोंड हे एवढे उघडले.

"मोजून घे," ती तमिळमध्ये म्हणाली. मग वळून भाच्याला, आपल्या भाषेत, "अस्के आहेत रे, सेतू."

'स' पुन्हा फुसकन निसटला. कोणी हसले नाही.