बांबूच तर होता

हल्ली खामगावच्या बाजारात मासे धरायच्या काठ्या काचेआड मांडलेल्या असतात. गिऱ्हाईक विचारतं, कोणती कंपनी चांगली? दुकानदार तासभर सांगतो. मी पिशवी घेऊन उभी राहते आणि ऐकते. म्हातारीला कोण विचारणार? पण माझाही जीव एका काठीवर होता बरं का, आणि तिच्यावर कोणत्याच कंपनीचं नाव नव्हतं.

माझा बाप पिंपळगाव राजाकडचा, भाजीचा मळा करणारा. मळ्यातलं काम उरकलं की नदीवर गळ टाकून बसायचा, आणि मी एकुलती म्हणून मलाही न्यायचा. बाया नावं ठेवत. त्याच्या कानापर्यंत ते पोचतच नसे. मी परकर नेसायच्या वयाची असताना त्यानं अंधाऱ्या पंधरवड्यात एक बारीक, भरीव बांबू तोडून आणला. चांदण्यात तोडलेल्याला कीड लागते, हे माझ्या माहेरी शेंबडं पोरही सांगेल. बांबू माझ्या हातात देऊन म्हणाला, "हे काठी तुही. आता तूच पोस."

पोसायची म्हणजे चुलीच्या वर आडवी टांगायची. वर्षभर धूर खाऊ द्यायचा, अधूनमधून जवसाचं तेल चोळायचं आणि रोज थोडी फिरवायची, नाहीतर ती एका अंगानं वाकते. भाकरी टाकता टाकता मान वर करून मी ती फिरवायची. वर्षानं खारकेसारखी तांबूस झाली. पाण्यात मासा नुसता गळ हुंगून गेला तरी माझ्या मुठीत कळायचं.

लग्नात बापानं ती भांड्यांसोबत छकड्याला बांधली. वऱ्हाडी हसले. "नवरीसंगं काठी? नवऱ्याले हाणासाठी का जी?" बापानं तिकडं लक्ष दिलं नाही. जावयाला एवढंच म्हणाला, "जावईबापू, हे काठी पोरीची आहे." जावयानं मान हलवली. ती मान मला अजून दिसते.

सासर मोताळ्याकडं. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "आमच्या घरच्या सुना काठावर बसत नाईत." नाही बसले. काठी मात्र चुलीवर टांगली आणि तेल चोळत राहिले. आमचे हे ती घेऊन जात, मासे आणत, मी तळत असे. निदान काठी तरी नदी बघते, असं मनाला समजावलं होतं.

तेव्हा नळगंगेवर धरणाचं काम चालू होतं. तिथला एक साहेब गळाला पिसांची खोटी माशी बांधायचा आणि पाण्यावर नाचवायचा. त्याची काठी लाल मुठीची. दुसऱ्या साहेबाची हिरव्या मुठीची. झालं, आमच्या गावच्या पारावर दोन तट पडले! इंग्रजी नाव कोणाला वाचता येत नव्हतं, म्हणून भांडण मुठीच्या रंगावरून.

"हिरवी वाकते, पण तुटत नाई."

"अबे, तुह्या बुढ्यानं तरी धरली होती काय हिरवी? लाल मुठीची चकरी पाह्य, कसा दोरा गुंडाळते!"

"अन् यायले पाहा! हे बायकोच्या काठीनं मासे धरते!"

हे शेवटचं आमच्या ह्यांना झोंबलं. खामगावला जाऊन लाल मुठीची घेऊन आले. पहिल्याच मोसमात तिचा शेंडा मोडला. मग हिरवी आणली, तिची चकरी गाळानं अडकायला लागली. पण मोडकी लाल काठीसुद्धा फडक्यात गुंडाळून खुंटीवर. कंपनीची ना ती!

मी बाळंतपणाला माहेरी गेले. लेकरू घेऊन परत आले आणि आधी चुलीवर नजर टाकली. दोऱ्या नुसत्या लोंबत होत्या. परसात दोडक्याच्या मांडवाला माझी काठी, तीन तुकडे करून रोवलेली. तिचा रंग दुरूनच ओळखला.

"काऊन कापली?" मी ह्यांना विचारलं.

"मांडवाले कमी पडलं. बांबूच तं होता."

"मंग ते मोडकी लाल काऊन नाई कापली?"

"ते कंपनीची आहे! समजते का तुले काही?"

सासूबाई दोडके तोडत म्हणाल्या, "काडीसाठी तोंड फुगवून राह्यली." भाजी पिकवणाऱ्याच्या घरात बांबू दिसला की मांडव सुचतो, हे मला काय शिकवायचं? मीही त्याच जातकुळीची. पण सांगून दिलेली वस्तू होती हो.

पुढं हिरवीही गेली. सुटे भाग मिळेनात. तेव्हा हे माझ्या बापाकडे आले. मी तेव्हा माहेरी आले होते, तिथंच मेथी निवडत होते.

"मामाजी, तशी एक काठी करून द्या. तशी कोन्त्याच कंपनीची नाई."

बाप म्हणाला, "म्या निस्ती तोडली होती. पोसली तिनं. तिले मांगा."

हे माझ्याकडे वळले. "करून देशीन?"

"बांबूच तं आहे," मी म्हटलं. "बेटातून तोडून न्या."

त्यांनी खरंच तोडून नेला, ऐन पुनवेच्या तोंडावर. बाप बघत होता, बोलला नाही. मीही नाही. घरी आणून त्यांनी तो माझ्याच चुलीवर टांगला. थोड्याच दिवसांत किडीचा पिवळा भुसा खाली गळायला लागला. मी रोज सकाळी चुलीपुढचा भुसा झाडून काढत असे आणि मान वर करत नसे.