सिंगापूरमार्गे आत्या

माझ्या आत्याच्या यजमानांना विचारल्याशिवाय जगातलं एकही विमान उडत नसावं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. कुठल्याही दोन विमानतळांची नावं घ्या, मधलं अंतर आणि लागणारे तास ते घास गिळायच्या आत सांगत. स्वतः मात्र विमानात कधी बसले नव्हते; आमच्या तंजावूरहून मद्रासलाही ते आगगाडीनेच जात.

नव्वद सालानंतर घरोघरची मुलं परदेशी निघाली आणि यांचं फावलं. देवाची फुलं ओवायला आत्या केळीच्या सोपाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, धागे पाण्यात भिजत घाली. त्यातला एक पळवून ते तो मुलीच्या जुन्या पृथ्वीगोलावर चिकटवत. ओला धागा घसरत नाही, हा त्यांचा शोध. मग तो पट्टीवर मोजायचा, वारा पाठीमागून की समोरून याचा विचार करायचा आणि तास जाहीर करायचे. तिरुवैयारूच्या एका लग्नात तर अमेरिकेहून आलेल्या पाहुण्याला त्याचा मार्ग पटवायला त्यांनी स्वयंपाकघरातून भोपळा उचलून आणला. "नकाशांत वाकडें दिसतें. ह्यावर बघा, सरळच आहे." तिकडे आचारी भोपळ्यासाठी खोळंबला होता.

पुढे त्यांची मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला गेली. तिचं बाळंतपण आलं तेव्हा तिने आईवडील दोघांनाही बोलावलं. यांनी पाय मागे घेतला. "कावेरीला पाणी आलें. भाताची लावणी कोण पाहील?" लावणी पाहायला माणसं होती. ते घाबरले होते, आणि आत्याला ते कळत होतं. कधी एकटीने मद्रासलासुद्धा न गेलेली ती बाई एकटीच निघाली.

शुक्रवारी सकाळी साडेदहाच्या आत तिचा फोन येईल, असा त्यांचा हिशेब. सिंगापूरचा मुक्काम, विमानतळ ते घर, सगळं धरलेलं. साडेदहा झाले, अकरा झाले. सोबतीला मी होतो. त्यांनी धागा पुन्हा लावून पाहिला, मग पृथ्वीगोल उचलून कोपऱ्यात ठेवला. "इंग्लिश येत नाही तिला," एवढंच म्हणाले. कॉफी तशीच निवली.

बारा वाजून गेल्यावर फोन आला. आत्याचा आवाज मला पलीकडे बसूनही ऐकू येत होता.

"केव्हांच पोंचलें. घड्याळ मी आपल्याकडचेंच ठेवलें आहे. आज शुक्रवार नव्हे का? साडेदहापासून बारापर्यंत तुमच्याकडे राहुकाळ. त्यांत चांगली बातमी कशी सांगूं? मुलीला फोनला हात लावूं दिला नाही."

हे काही त्यांच्या हिशेबात नव्हतं. एरवी ते चिडले असते. विमान कुठून वळलं, वारा कसा होता, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं. नंतर बराच वेळ नुसतं ऐकत राहिले.

फोन ठेवून ते माझ्याजवळ येऊन बसले. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

"इतकें लांब आहे हें," ते हळूच म्हणाले, "मला ठाऊक नव्हतें रे."