कार्लच्या मापाची गाडी

सुमंत देवस्थळीची सगळी नोकरी अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत गेली. लग्न केलं नाही. मित्र म्हणावा असा एकच, ऑफिसातला शेजारी कार्ल. दर फेब्रुवारीत दोघं ट्रेलर जोडून वायोमिंगच्या डोंगरात जायचे. कार्ल स्वतःच्या स्नोमोबिलवर, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाडीवर, सुमंत भाड्याच्या. मराठी मंडळाच्या संक्रांतीला कुणीतरी हमखास विचारायचं, "काका, या वयात? पडलात म्हणजे?" सुमंत नुसता हसायचा.

मग कार्लच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी थंडी आणि उंची दोन्ही बंद केली. मुलीकडे ॲरिझोनाला जाताना त्याने गाडीची किल्ली सुमंतच्या हातात ठेवली. "विकू नकोस. चालव."

पहिल्या हिवाळ्यात सुमंत एकटाच गेला. कार्ल सव्वासहा फूट, हा सव्वापाच. हँडल छातीपर्यंत यायचं. उतारावर आडवं जाताना गाडी डोंगराच्या बाजूला कलवावी लागते. त्याच्या वजनाला ती दाद देईना. उलटली, आणि त्याचा पाय बर्फात अडकला. पाऊण तास तो हातांनी बर्फ उकरत होता. हाक मारायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने मारलीही नाही.

घरी आल्यावर त्याने गाडी गॅरेजमध्ये घेतली. पुढच्या दोन स्की-पट्ट्यांमधलं अंतर कमी केलं, म्हणजे ती सहज कलेल. शॉक ॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगा आपल्या वजनाला साजेशा मऊ बसवल्या. विरळ हवेत इंजिन दमतं, म्हणून क्लचमधली वजनं हलकी केली. ही कामं तो गुणगुणत करायचा. हँडलला मात्र तीन आठवडे हात लावला नाही. त्याच्यावरची काळी टेप कार्लने गुंडाळली होती, वाकडीतिकडी. शेवटी एका रविवारी त्याने हँडल उंच करणारा तुकडा काढून छोटा बसवला, टेप सोलून काढली आणि बराच वेळ स्टुलावर बसून राहिला. गाडीतून आपण कार्लला थोडा थोडा काढून टाकतोय, असं त्याला वाटत होतं.

पुढच्या फेब्रुवारीत डोंगराच्या पायथ्याशी पार्किंगमध्ये एका जोडप्याने त्याला हटकलं. "एकटाच? बर्फाचे कडे कोसळतात इथं. आमच्या मागे ये."

तो गेला. पहिल्याच उतारावर त्याने एक पाय डोंगराच्या बाजूला टाकला, अंग झुकवलं आणि गाडी वळली. इतकी अलगद, की तो मोठ्याने ओरडला, "अरे वा!" मराठीत. जोडपं पुढे निघून गेलं होतं.

दुपारी पार्किंगमधून त्याने फोन लावला.

"कशी पळाली?" कार्लने विचारलं.

"छान. पण कार्ल, मी हँडल खाली घेतलं. स्प्रिंगाही बदलल्या."

मग कार्ल म्हणाला, "अरे, मग ती आधीच बदलायला हवी होतीस. माझ्या मापाची गाडी तुझ्या काय कामाची?" आणि तो ॲरिझोनातल्या उन्हाबद्दल बोलू लागला, नव्या शेजाऱ्यांबद्दल, पत्त्यांच्या डावाबद्दल. सुमंतला त्या वळणाबद्दल अजून सांगायचं होतं. तेवढ्यात कार्लला कुणीतरी जेवायला हाक मारली.

फोन खिशात टाकून सुमंतने ट्रेलरचे पट्टे आवळले. घर तेरा तासांवर होतं. पुढच्या वर्षी मागची स्प्रिंग आणखी थोडी मऊ करावी, असं त्याने मनाशी ठरवलं.