विहाराच्या पुस्तकांची यादी

कळव्याच्या आमच्या विहारात दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत. त्यांची यादी माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर कॉम्प्युटरवर केलेली. ते सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट होते. आता ते माझ्याकडे डोंबिवलीला असतात. गेल्या वर्षी विहाराच्या समितीतल्या एका काकांनी ती फाईल मला पाठवली. नव्या कॉम्प्युटरवर नीट उघडत नाही, जरा बघ, म्हणाले. मी ठाण्याच्या ऑफिसात दिवसभर असल्याच फायली बघते, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

फाईल जुनी असल्याची सूचना आली, तरी उघडली. रकाने जागेवर होते, आकडेही. पण पुस्तकांच्या नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, एकाही शब्दाला अर्थ नाही. यादी ज्या जुन्या मराठी फाँटमध्ये केलेली, तो माझ्या लॅपटॉपवर नव्हता. वडिलांनी तो ज्या टायपिंग क्लासमधून घेतलेला, तो खोपटला एसटी डेपोजवळ होता. ऑफिस सुटल्यावर तिथे गेले, तर त्या गाळ्यात चष्म्याचं दुकान. नेटवरून दोन फाँट उतरवले, पण ते वेगळेच निघाले. पंधरा दिवस मी फाईलला हातच लावला नाही.

एका रविवारी दुपारी वडील शेजारी येऊन बसले. स्क्रीनकडे बराच वेळ बघत होते. मग टेबलावर बोटं ठेवून हळूहळू आपटायला लागले.

"हे बुद्धचरित्र आहे," ते म्हणाले. "कुठल्या बटणाला कुठलं अक्षर, ते माझ्या बोटांना माहितीये."

मग मी एकेक इंग्रजी अक्षर विचारत गेले, ते बोट आपटून मराठी अक्षर सांगत गेले. त्याप्रमाणे सगळ्या फाईलभर अक्षरं बदलली, तर भलतंच काहीतरी झालं. लहान आणि मोठं इंग्रजी अक्षर मी एकच धरलेलं. शिफ्ट दाबलं की अक्षर अर्धं होतं, हे वडिलांनी सांगायचं राहिलेलं, आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं. पुढच्या रविवारी पहिल्यापासून सगळं परत. तरी पहिल्या वेलांट्या अक्षराच्या अलीकडेच राहिल्या. टाइपरायटरवर वेलांटी आधी मारायची असते. त्या मी एकेक करून हाताने हलवल्या. मान धरून आली.

मी नावं वाचायची, ते ऐकायचे. मधेच म्हणायचे, हे वाळवीने खाल्लं, टाकून दिलं. हे कोणीतरी नेलं ते आणलंच नाही. असं चार-पाचदा झाल्यावर मी वैतागले.

"पप्पा, पुस्तकच नाही तर मी कशाला दुरुस्त करत बसू?"

"होतं ना पण," ते म्हणाले. "राहू दे यादीत."

मी ठेवलं. वाद घालायचंही त्राण नव्हतं. सहा रविवार गेले त्यात.

यादी पाठवली तेव्हा काकांनी आभार मानले. आठवड्याने फोन आला, की त्यांच्या मोबाईलवर रकाने फार बारीक दिसतात, त्यापेक्षा छापूनच दे. मी ऑफिसात प्रिंट काढले आणि येताना कळव्याला उतरून देऊन आले. घरी वडिलांनी विचारलं, सगळी नावं आली का. आली म्हटलं. तीन नावं आम्हाला शेवटपर्यंत लागली नव्हती, तिथे मी नुसत्या रेघा मारल्यात, ते त्यांना सांगितलं नाही.