मागच्या ब्रेकची केबल

आमच्या वस्तीत कुणाच्या अंगात आलं की लोक हात जोडतात… मी दवाखान्यात न्यायला गाडी काढतो. असा माझा स्वभाव. सेनगावात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, दिवसभर तारांशीच संबंध. त्यामुळे हे लिहिताना अवघड वाटतंय.

माझी मुलगी शीतल आठवीत आहे. आमच्या गावाहून सेनगावच्या शाळेत सायकलने जाते. वाटेत ओढ्यावर मोठा उतार, खाली अरुंद पूल — कठडा नाही. तिची सायकल सेकंड हँड. मागच्या ब्रेकची केबल फ्रेमला धरून ठेवणारी क्लिप ढिली झाली होती, केबल नुसती खडखडायची.

एका रविवारी दुपारी अंगणात सायकल स्टँडवर लावली आणि क्लिप आवळायला बसलो. बायको रेखा समोरच तूर निवडत होती. एकाएकी बोटांखालची केबल ताणली गेली. वर बघितलं, तर ब्रेकचा लिव्हर मुठीला टेकलेला… हँडलजवळ कुणीच नाही. मग तो हळूच सुटला. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

वाटलं, केबल कुठेतरी अडकत असेल. म्हणून ती लिव्हरमधून काढूनच टाकली. आता लिव्हर मोकळा लोंबायला हवा ना? तो परत दाबला गेला. मी बोटं घालून सोडवायला बघितलं — सुटेना. आतून कुणी मूठ घट्ट धरावी तसा.

"रेखा… हे बघ."

तिने सूप बाजूला ठेवलं. "काहून दाबून राहिले तुमी?"

"मी न्हाई दाबलेला."

तेवढ्यात शीतल पाणी घेऊन बाहेर आली. लिव्हरकडे बघून तिला काहीच वाटलं नाही.

"उतारावर असंच होतंय, बाबा. मी दाबायच्या आधीच दाबला जातो."

"आन तू आमाला सांगितलं न्हाई?"

"मला वाटलं, सायकलच तशी हाय."

माझ्या हातातला पाना खाली पडला. लिव्हर तेव्हा सुटला.

ज्या माणसाकडून सायकल घेतली त्यांच्याकडे तसाच गेलो. त्यांच्या घरात ना अपघात, ना कुणी गेलेलं. "चांगली चालत होती की," म्हणाले. रेखा म्हणत होती, विकून टाका. मी ऐकलं नाही. नवी केबल टाकली, क्लिप कचकून आवळली, स्वतः उतारावरून जाऊन आलो. ब्रेक एकदम बराबर. मी दाबला तरच लागत होता.

दुसऱ्या दिवशी शीतल शाळेतून उशिरा आली. सायकल हातात धरून, चालत. उतार लागताच सायकलवरून खाली उतरली होती म्हणे. डोळे लाल.

"बाबा, आता कुणीच दाबत न्हाई."

त्या दिवसापासून ती तो उतार पायीच उतरते. केबल खडखडत नाही, लिव्हर हलत नाही. पण मी नेमकं काय दुरुस्त केलं… की कुणाला हाकलून लावलं, हे मला अजूनही कळलेलं नाही.