धक्क्यावरच्या म्हातारीचा शेवट

आमचे अनंताभावोजी, म्हणजे माझे धाकटे दीर, मुलुंडला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. हाताने मिक्श्चर ढवळायचं आणि तोंडाने पेशंटला आपली कथा ऐकवायची. तापाने फणफणलेला माणूस पळून कुठे जाणार?

एक कादंबरीही लिहून ठेवली होती त्यांनी. त्र्याऐंशी साली ती घेऊन दादरच्या एका प्रकाशकाकडे गेले. त्याने पान उलटायच्या आधीच विचारलं, "याआधी कुठे छापून आलंय?" नाही म्हटल्यावर बाड परत हातात. "आधी एखाद्या दिवाळी अंकात तरी या, मग वाचतो." त्या रात्री भावोजी जेवले नाहीत. माझा जीव तुटला हो.

मग पार्ल्याच्या एका दिवाळी अंकाचे संपादक गाठले. त्यांना कथा आवडली. "पण अंक जाहिरातींवर निघतो. चार-पाच जाहिराती आणा, कथा घेतो." आता भावोजींना शेजारी विरजण मागायची लाज, ते काय जाहिराती मागणार! मीच पदर खोचला. पिठाच्या गिरणीवाला काशीराम, चष्मेवाला, सोनार, एकेकाच्या दुकानात ठाण मांडून बसले. "वहिनी, पुरे आता," भावोजी म्हणायचे. मी कसली ऐकते! अंक छपाईला जाता जाता एका मंगल कार्यालयाची अर्ध्या पानाची जाहिरात मिळवली नि स्वतः पार्ल्याला पोचवून आले.

दिवाळीत अंक आला. अख्खी चाळ जमली. मी चकल्या कढईत टाकून धावले. कथा अशी, की मालवणच्या धक्क्यावर एक म्हातारी मुंबईला गेलेल्या मुलाची वाट बघत बसलीय. बोट लागते. माणसं उतरू लागतात. म्हातारी उठून उभी राहते... आणि खाली मंगल कार्यालय! भांड्यांच्या सोयीसहित! मुलगा गुल. भावोजी रडकुंडीला आले. "वहिनी, वाट लावलीस गं!" संपादकांना फोन केला, तर म्हणे ऐनवेळी जाहिरात आली, शेवटच्या ओळी काढाव्या लागल्या, जागा नको का?

तरी अंक नि कादंबरीचं बाड हातात देऊन मीच त्यांना दादरला पिटाळलं. प्रकाशकाने कथा तिथल्या तिथे वाचली आणि चष्मा काढला. "शेवट वाचकावर सोडलात? वा! याला धाडस लागतं." भावोजींनी काय करावं? मान खाली घालून म्हणाले, "फार विचार करून सोडला." लबाड कुठले! पण कादंबरी प्रकाशकाने ठेवून घेतली आणि पुढच्या वर्षी छापलीसुद्धा. पुस्तकावरचं नाव बघून मी ढसाढसा रडले, खोटं कशाला सांगू.

आता दवाखान्यात लोक विचारतात, "त्या म्हातारीचा मुलगा येतो का हो शेवटी?" भावोजी गंभीर चेहरा करून बाटलीला कागदाची पट्टी चिकटवत बसतात. थोर लेखक ना! मी मात्र नळावर, रेशनच्या रांगेत, विचारेल त्याला सांगून टाकते. येतो! पत्र्याची पेटी घेऊन उतरतो नि आईच्या पाया पडतो, भावोजींनी मला वाचून दाखवलंय. भावोजी चिडतात, "वहिनी, कथेची मजा घालवतेस." घालवते तर घालवते. त्यांना काय, त्यांचं पुस्तक आलं. ती बिचारी म्हातारी धक्क्यावर किती दिवस उभी राहणार?